एका जमिनीच्या तीन वह्या

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा उंच धरून म्हणाले, "पंधरा रुपये भरून सातबारा काढलाय. आपल्यापैकी एकाचंही नाव नाही त्यात!"

वड्यांच्या प्लेटा फिरायच्या थांबल्या. ठाण्यात घोडबंदर रोडवर, ओवळ्याच्या बाजूला, वीस वर्षांपूर्वीची चाळीस सदनिकांची इमारत. प्रत्येकाकडे रजिस्टर झालेला करार आहे, महापालिकेच्या कराच्या पावत्या आहेत, बहुतेकांची कर्जंही फिटली आहेत. आणि जमिनीच्या उताऱ्यावर कोण? मूळ शेतकरी कुटुंबातली नऊ माणसं. त्यातली निदान चार आज हयात नाहीत.

मी सोसायटीचा सचिव, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सभा संपल्यावर जिन्यात उभं राहून काकांना जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे सलग मांडतोय. गेलं दीड वर्ष मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची (बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर ती सरकारी आदेशाने करून घ्यायची), फाइल बगलेत मारून मी कोर्टनाक्याच्या आसपास इतक्या चकरा मारल्यात की तिथल्या चहावाल्याला माझा कमी साखरेचा चहा पाठ झालाय. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट अशी की सरकारदरबारी जमिनीची एक वही नाही. तीन आहेत. तीन कार्यालयांत, तीन वेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या काळात उघडलेल्या. आपल्याला वाटतं, कागद ऑनलाइन आला की संगणकीकरण झालं. पण प्रत्येक वही स्वतंत्रपणे संगणकावर चढवणं हा सोपा भाग. तिन्ही वह्यांनी एकाच जमिनीबद्दल एकच गोष्ट सांगणं, तिथे घोडं अडतं.

पहिली वही: दस्ताची

"घराची रजिस्ट्री झाली" असं आपण म्हणतो. रजिस्ट्री घराची होत नाही, कागदाची होते. नोंदणी अधिनियम १९०८ सालचा. त्याच्या कलम १७ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीसारख्या व्यवहारांचे दस्त नोंदवणं सक्तीचं आहे. हा शंभराचा आकडा १९०८ पासून कुणी हलवलेला नाही, त्यामुळे आज त्याच्या खाली काही उरलेलंच नाही. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकासमोर हजर करायचा.

निबंधक काय पाहतो? मुद्रांक शुल्क पुरेसं भरलंय का, सह्या करणारी माणसं समोर आहेत का, ती सही आपलीच असल्याचं कबूल करतात का, त्यांना ओळखणारे साक्षीदार आलेत का. फोटो निघतो, अंगठा लागतो, गोषवारा छापला जातो. दस्ताला क्रमांक पडतो. ठाण्यात तो 'टनन'ने सुरू होतो, पनवेलला 'पवल'ने. शेवटी हातात येते ती सूची क्रमांक दोन, जिला सगळं जग इंडेक्स टू म्हणतं.

विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवणं निबंधकाचं काम नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायदा तसाच आहे. तामिळनाडूत एक नियम होता, की विकणाऱ्याने आधीचा मूळ दस्त दाखवला नाही तर निबंधकाने नोंदणी नाकारावी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. विकणाऱ्याची मालकी तपासण्याचा अधिकार नोंदणी कायदा निबंधकाला देतच नाही, हे कारण. त्या पीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते. त्यांची वकिली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातून सुरू झाली, हे ठाणेकर म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

पोस्टातल्या रजिस्टर पत्रासारखं आहे हे. (ती सेवा आता स्पीड पोस्टात विलीन झाली, पण उपमेला चालेल.) पाकीट अमुक दिवशी अमक्याने टाकलं, याची पावती मिळते. आतला मजकूर खरा आहे याची हमी पोस्ट खातं घेत नाही.

संगणकाने सगळ्यात चोख काम केलं ते या पहिल्या वहीत, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. एके काळी दस्ताची नक्कल हाताने उतरवून ठेवायचे आणि मूळ कागद परत मिळायला महिनोन्महिने जायचे. साधारण २००१-०२ पासून महाराष्ट्रात 'सरिता' नावाची प्रणाली आली, दस्त स्कॅन होऊ लागले आणि त्याच दिवशी हातात पडू लागले. पुढे 'आय-सरिता' आली आणि सुट्या सुट्या कार्यालयांतली माहिती एका मध्यवर्ती जागी जमायला लागली. आज दस्ताची माहिती घरबसल्या भरता येते, शुल्क ई-चलानने जातं, आणि भाडेकराराला तर बरेच जण निबंधकाचं तोंडही पाहत नाहीत.

पण एकच फ्लॅट दोघांना विकला, तर दोन्ही दस्त या वहीत गुण्यागोविंदाने शेजारी राहू शकतात. वही दस्तांची आहे. त्या दस्तांत भांडण आहे का, हे तिला ठाऊक नसतं. ते शोधायचं घेणाऱ्याने. म्हणून बँक वकिलाकडून तीस-तीस वर्षांचा शोध अहवाल मागते. आता शोध ऑनलाइन घेता येतो खरा, पण संगणक शब्द जुळवतो, जागा नाही. एका करारात 'माजिवडे' असतं, दुसऱ्यात 'माजिवाडा', तिसऱ्यात 'माजीवाडे'. सर्व्हे नंबर कुठे तिरकी रेघ देऊन, कुठे आडवी. एकाने 'सदनिका' लिहिलेली असते, दुसऱ्याने 'फ्लॅट'. माणसाला तिन्ही एकच आहेत हे कळतं. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि वीस वर्षांपूर्वी टंकलेल्या नोंदींना ते शिकवलेलं नव्हतं.

दुसरी वही: सातबाऱ्याची

काकांनी मोबाइलवर काढला तो या वहीतला उतारा. तलाठ्याकडे गावाचे एकूण २१ नमुने असतात. त्यातला सातवा म्हणजे अधिकार अभिलेख आणि बारावा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले, म्हणून सात-बारा. (तलाठ्याला २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असा निर्णय झालाय. सजावर जाऊन तसं म्हणून पाहा, समोरचा माणूसच क्षणभर गोंधळतो.)

ही वही मुळात मालकी सांगायला उघडलेलीच नाही. सारा कुणाकडून घ्यायचा, हे सरकारला कळावं म्हणून ती आहे. म्हणून तर उताऱ्यावर 'मालक' हा शब्द शोधून सापडत नाही, 'भोगवटादार' असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५७ म्हणतं की या नोंदी खऱ्या धरून चालायचं, मात्र उलट सिद्ध होईपर्यंतच. सातबाऱ्यावर नाव चढल्याने मालकी मिळत नाही आणि नाव उतरल्याने जात नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही. तरीही गावात सातबारा म्हणजे जमीन. पोरीचं लग्न ठरवतानाही आधी तोच पाहतात.

पहिल्या वहीतला व्यवहार या वहीत येतो तो फेरफारातून. निबंधकाकडे खरेदीखत झालं की त्याची खबर तलाठ्याकडे जाते, पूर्वी कागदाने, आता 'ई-फेरफार' प्रणालीतून. तलाठी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. संबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तांच्या वेगळ्या वहीत. नाही आली, तर मंडळ अधिकारी, आपल्या भाषेत सर्कल, नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. चालू असलेले फेरफार 'आपली चावडी' या पोर्टलवर कुणालाही पाहता येतात. पूर्वी अशी नोटीस चावडीच्या भिंतीवर चिकटायची आणि पुढच्या पावसात धुऊन जायची, त्यामानाने ही फार मोठी सुधारणा.

पण जमीन फक्त विकूनच हात बदलत नाही. माणूस मरतो. वारसाचा दस्त नोंदवला जात नाही, म्हणजे पहिल्या वहीत काहीच घडत नाही. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. चार भाऊ चार गावांना, दोन बहिणी सासरी, कोण कळवणार? संगणकाला कुणी मेल्याचं आपोआप कळत नाही. म्हणून महाराष्ट्र सरकारला २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली: मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. आमच्या उताऱ्यावरचे चार दिवंगत अजून त्या मोहिमेच्या वाटेकडे डोळे लावून आहेत.

आता संगणक. केंद्र सरकारने भूमी अभिलेख संगणकावर आणायचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात केला. महाराष्ट्रातून वर्धा होता. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे टेलिफोनला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, त्या काळापासून हे चाललंय. पुढे २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१६ पासून तोच डिजिटल इंडियाच्या नावाखाली, पूर्ण केंद्राच्या पैशाने चालू झाला. त्यात तीन कामं: हक्काचे उतारे, नकाशे आणि नोंदणी कार्यालयं संगणकावर आणायची आणि मग एकमेकांना जोडायची. पैसा केंद्राचा, पण जमीन हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आणि दस्तनोंदणी समवर्ती सूचीत. त्यामुळे 'राष्ट्रीय' प्रणाली म्हणजे राज्यागणिक वेगळी भाषा, वेगळे नमुने, वेगळी मापं. आपल्याकडचा गुंठा उत्तर प्रदेशात कुणाला कळत नाही आणि त्यांचा बिघा आपल्याला.

महाराष्ट्रातले सातबारे अडीच कोटींच्या आसपास. हस्तलिखितावरून ते टंकायचे म्हणजे काय, याची कल्पना जुना उतारा हातात घेतल्याशिवाय येणार नाही. तलाठ्याचं वळणदार अक्षर, पिढ्यान् पिढ्यांची शाई, आणि मुख्य म्हणजे कंस. सातबाऱ्यावर जुनं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. कंसातलं नाव म्हणजे हक्क संपलेला माणूस. एक कंस टंकायचा राहिला, की तीस वर्षांपूर्वी जमीन विकून मोकळा झालेला इसम संगणकावर पुन्हा भोगवटादार होतो. 'भोगवटादार वर्ग १'चा 'वर्ग २' झाला, तर विक्रीला सरकारी परवानगी लागायला लागते. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि चुका धरायच्या. कल्पना मला फार आवडते. अडचण एवढीच, की ठाण्यासारख्या ठिकाणी चावडी कुठली आणि खातेदार कुठला? ज्यांच्या नावाचे उतारे वाचायचे ते डोंबिवलीला, बोरिवलीला राहायला गेलेले, आणि त्या जमिनीवर राहणारे आमच्यासारखे उताऱ्यावर नसलेले.

ती छाननी झाल्यावर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. पडताळणी क्रमांकावरून तो खरा की बनावट हे कुणीही तपासू शकतो.

आमची चूक तरीही त्यातून सुटली. करारात हिस्सा नंबर '५/१ब'. संगणकावर '५/१व'. मूळ कागदावर 'ब'च्या पोटातली रेघ पुसट झाली होती, एवढंच. जुन्या अक्षरातून उतरवताना कुणाचा तरी डोळा चुकला असेल. त्याला मी दोष देत नाही, भर दुपारी शंभरावा उतारा टंकताना माझाही चुकला असता. पण त्या पुसट रेघेपायी आमच्या डीम्ड कन्व्हेयन्सच्या आदेशातली जमीन आणि सातबाऱ्यावरची जमीन कायद्याच्या नजरेत दोन झाल्या. पूर्वी सर्कलने भिंग लावून "हा बच आहे हो" म्हटलं असतं. प्रणालीला भिंग नसतं. कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, जुन्या हस्तलिखिताची नक्कल, जाबजबाब, आदेश. सात महिने.

तिसरी वही: नकाशाची

ही भूमी अभिलेख खात्याकडे. सगळ्यात जुनी, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरकडून मोजणी सुरू केली, तिचीच ही वंशावळ. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा आपला गुंठा. असे चाळीस झाले की एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असतं, पण ओवळ्यात कुणालाही विचारा, भाव गुंठ्यातच सांगेल.

प्रत्येक शेताचं टिपण, पोटहिस्सा पडला की फाळणी, क्षेत्र बदललं की कमी-जास्त पत्रक, असा हा कागदांचा कुटुंबकबिला. घोळ पोटहिस्स्यांत आहे. समजा सर्व्हे नंबर ५ चार भावांत वाटला गेला. तलाठ्याकडे फेरफार झाला, सातबारे चार झाले: ५/१, ५/२, ५/३, ५/४. पण मोजणीची फी भरून, हद्दीचे दगड रोवून नकाशावर चार तुकडे करून घ्यायला कुणी गेलंच नाही, कारण बांध कुठे आहे ते चौघांना पाठ होतं. दुसऱ्या वहीत चार जमिनी, तिसऱ्या वहीत एक. पुढे चौघे विकून मोकळे झाले, बांधावर पोडियम पार्किंग आलं, आणि आता संगणक विचारतो: ५/३ नकाशावर दाखवा. दाखवणार कुठून? ते कधी काढलंच गेलं नव्हतं.

गाडी अडते ती इथे. नकाशा स्कॅन करणं, त्यावरच्या रेघा संगणकात उतरवणं, हे होतं. पण साखळीने मोजलेला, शंभर-दीडशे वर्षं घडी घालून ठेवलेला, घडीवर फाटलेला कागद उपग्रहाच्या चित्रावर बसवायला गेलं की रेघा सरकतात. कुठे शेजाऱ्याच्या घरातून जातात, आमच्याकडे तर चक्क खाडीत उतरतात. मोजणीवाले आता रोव्हर घेऊन येतात आणि उपग्रहाच्या आधाराने काही सेंटिमीटरच्या आत जागा सांगतात. पण यंत्र जागा अचूक सांगतं, हद्द नाही. हद्द कुठली, हे शेजाऱ्यांनी मान्य करायचं असतं. आणि मोजणी नेमकी झाली की पहिली बातमी बहुधा वाईट असते: सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्षातलं क्षेत्र जुळत नाही. मग कमी कुणाचं करायचं?

शहराच्या ज्या भागात नगर भूमापन झालंय तिथे सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक चालतं, आणि तिथला नकाशा निदान घरागणिक असतो. गावठाणात मात्र पिढ्यान् पिढ्या दोन्ही नव्हतं. सातबारा शेताचा, गावठाणातल्या घराला फक्त घरपट्टीची पावती. ड्रोनने गावठाणं मोजायचा प्रयोग आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि मग २०२० मध्ये 'स्वामित्व' नावाने काही राज्यांत, पुढच्या वर्षी देशभर गेला.

खाडीपलीकडे चौथी वही

ऐरोलीचा पूल ओलांडला की हिशेब बदलतो. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात आल्या. त्यामुळे वाशीत, नेरुळमध्ये फ्लॅट घेणाऱ्याला सातबारा शोधून उपयोग नाही. जमीन सिडकोची, तुमच्या इमारतीला ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. तिथे निबंधकाकडे दस्त नोंदवून भागत नाही; सिडकोचं हस्तांतरण शुल्क भरून तिच्या दफ्तरी नाव लागावं लागतं. माझी मावसबहीण सानपाड्याला राहते. इंडेक्स टू आला म्हणून तिने पेढे वाटले, आणि सिडकोत नाव नाही म्हणून बँकेने पुढच्याच महिन्यात पत्र पाठवलं.

आणि ज्यांची जमीन गेली, त्यांच्यासाठी जुनी वही हाच एकमेव धागा. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. पण भूखंड कुणाला? संपादनाच्या वेळच्या सातबाऱ्यावर आणि भरपाईच्या निवाड्यात ज्याचं नाव, त्याला किंवा त्याच्या वारसांना. तेव्हा थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं, बाकीच्यांनी 'घरचंच तर आहे' म्हणून सोडलेलं. घणसोली-तळवलीकडे अशी भांडणं घरटी एक तरी निघेल. गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न तर अजून वेगळा. ती घरं लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत आणि कुठल्याच वहीत धड नाहीत.

वहीत नसलेली गोष्ट नंतर उगवली की काय होतं, याचं ठाणे-मुलुंडपट्ट्यातलं उदाहरण खासगी वनांचं. १९५० च्या दशकात काही जमिनींबाबत वन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या, पुढे त्यांवर काही झालं नाही. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्यानंतरही वर्षानुवर्षं शांतता. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले, आणि मग २००० नंतरच्या दशकात सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात वनाची नोंद उमटली. हजारो घरांचे व्यवहार अडकले. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा लोक सुटले. अर्धशतकापूर्वीचा कागद, जो उताऱ्यावर चढलाच नव्हता.

मग एकच नंबर का देत नाहीत?

देतायत. २०२१ पासून केंद्राने प्रत्येक भूखंडाला चौदा अंकाक्षरांचा एक क्रमांक द्यायला घेतलाय. लोक त्याला भू-आधार म्हणतात. भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून तो बनतो. 'माजिवडे' लिहा की 'माजिवाडा', ब लिहा की व, नंबर एकच राहील. दस्तात तो, सातबाऱ्यावर तो, नकाशावर तो. तिन्ही वह्या बांधणारा दोरा म्हणून ही कल्पना नामी आहे. पण क्रमांक कोपऱ्यांवरून बनतो, म्हणजे आधी कोपरे माहीत हवेत. ज्या ५/३ चा नकाशाच नाही, त्याचा कोपरा कुठला? शिवाय हा नंबर जमिनीचा. आमच्यासारख्या एका जमिनीवर चाळीस घरं असणाऱ्यांचं काय? प्रत्येक सदनिकेचं स्वतंत्र मालमत्ता पत्रक असावं, अशी चर्चा राज्यात बऱ्याच वर्षांपासून आहे.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "सरकार सरळ का सांगत नाही, हा मालक म्हणून?"

काही देशांत सांगतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्सने तसा कायदा करून घेतला. जहाजाची मालकी जशी नोंदवहीतल्या एका पानावर दिसते तशी जमिनीचीही दिसावी, हा विचार. वहीत ज्याचं नाव तो मालक, मागचे दस्त उकरायची गरज नाही, आणि वहीच्या चुकीमुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मिळणार. याला निर्णायक मालकी म्हणतात. आपली आहे ती गृहीत मालकी, उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालायची. आपल्याकडेही हे यावं म्हणून नियोजन आयोगाच्या सांगण्यावरून १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रा. डी. सी. वाधवा यांनी एकसदस्यीय समिती म्हणून अहवाल दिला. हे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. बिहारमध्ये तेच ते वटहुकूम पुन्हा पुन्हा काढले जातात हे खणून काढून ज्यांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारला हरवलं, तेच वाधवा.

अडतं कुठे, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. हमी द्यायची म्हणजे चुकलं तर पैसे द्यायचे. ज्या वहीत कंस सुटलेले आहेत, मेलेली माणसं जमीन धारण करतायत आणि रेघा खाडीत उतरतायत, तिच्या भरवशावर कुठलं राज्य सही करेल? घाईने केलं तर काय होतं, ते आंध्र प्रदेशात दिसलं. तिथे भूमी मालकी कायदा २०२३ मध्ये अमलात आला, आपली जमीन एका अधिकाऱ्याच्या निर्णयावर जाईल अशी भीती पसरली, निवडणुकीत तो मुद्दा पेटला, आणि नव्या सरकारने २०२४ मध्ये कायदाच रद्द केला. दरम्यान १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. त्यात ऑनलाइन नोंदणीवर भर आहे. पण माझ्या समजुतीप्रमाणे तोही दस्ताचीच नोंदणी सुधारतो. पहिली वही आणखी चकचकीत होईल.

आता आमच्या इमारतीचं. चाळीस करार पहिल्या वहीत होते, म्हणून फ्लॅट आमचे. पण जमीन सोसायटीला देणारा दस्त झालाच नव्हता. मोफा, म्हणजे बिल्डर आणि फ्लॅट घेणाऱ्यांच्या व्यवहारांचा राज्याचा कायदा, त्याप्रमाणे संस्था स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने तो करून द्यायचा असतो. आमच्याने दिला नाही, आणि आम्हीही पंधरा वर्षं मागितला नाही. पुनर्विकासाचं वारं सुटलं तेव्हा जाग आली. २००८ च्या दुरुस्तीमुळे अशा वेळी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो आदेश मिळाला. मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय झाला, म्हणजे ते किती भरायचं हे ठरलं, दस्त नोंदवला, टनन क्रमांक पडला. पहिली वही झाली. मग ब आणि व. तोही सुटला. मोजणीची फी भरली आहे, तारीख यायची आहे; नऊ जणांपैकी एकाच्या नातवाने फोन करून मोजणीच्या वेळी आपण हजर राहू असं सांगितलंय. आवाज भांडखोर नव्हता, एवढंच म्हणतो.

सातबाऱ्याच्या खालच्या बाजूला 'प्रलंबित फेरफार' अशी एक ओळ असते. काका रोज सकाळी दूध आणायला जाता जाता ती पाहतात. परवापर्यंत तिच्यासमोर 'नाही' असायचं. काल त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. वर तीच नऊ नावं, कंसाशिवाय. खाली 'नाही'च्या जागी एक आकडा आलाय. पंधरा दिवसांची मुदत येत्या गुरुवारी संपते.